कड्यावरची घागर

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाचे डोंगर आजच्यापेक्षा थोडे उंच होते आणि माणसे मात्र आजच्याइतकीच हट्टी होती. एका अरुंद दरीत, नदीच्या दोन काठांवर, समोरासमोर दोन गावे होती. एका गावावर दिवसभर ऊन असे, म्हणून त्याला उन्हाचे गाव म्हणत. दुसऱ्यावर लवकर सावली उतरे, म्हणून ते सावलीचे गाव. दोन्ही गावांच्या पाठीशी उभे कडे होते आणि कड्यांच्या माथ्यावर गवताची कुरणे होती.

या गावांच्या पूर्वजांनी एक गंमत करून ठेवली होती. सावलीच्या गावाची गुरे चरत उन्हाच्या गावामागच्या कड्यावर, आणि उन्हाच्या गावाची गुरे चरत सावलीच्या गावामागच्या कड्यावर. म्हणजे प्रत्येकाची गुरे दुसऱ्याच्या डोक्यावर. परक्या माणसाला हे ऐकून हसू येई. पण पूर्वज खुळे नव्हते. आपलेही घर कुणाच्या तरी पायाखाली आहे, हे ज्याला ठाऊक असते तो वरून चालताना पाय जपून टाकतो.

त्यासाठी एक हाळी ठरलेली होती. वर चरणाऱ्या जनावराच्या खुराने साधा खडा जरी निसटला, तरी गुराखी कड्याच्या टोकाशी येऊन ओरडे, "सांभाळाऽ!" खालून कुणीतरी उत्तर देई, "सांभाळलंऽ!" उत्तर आल्याशिवाय गुराखी जागचा हलत नसे. पोरे बोलायला लागली की 'आई', 'बाबा' यांच्या मागोमाग हेच दोन शब्द शिकत.

पुढे दोन्ही गावांचे खालच्या अंगाच्या एका तिसऱ्या गावाशी भांडण जुंपले. ते भांडण वर्षानुवर्षे चालले. लाठ्या झाल्या, कोयते झाले, घराघरांतली तरणी माणसे गेली. शेवटी सावलीच्या गावाच्या मुख्याने आपल्या पाथरवटाला बोलावले. पाथरवट दगड कसा फोडत, हे सगळ्यांनाच माहीत होते. खडकात ओळीने भोके पाडायची, त्यांत वाळलेल्या लाकडाच्या पाचरी ठोकायच्या आणि वर पाणी ओतायचे. लाकूड फुगते आणि खडक फाकतो. घरे, देवळे, नदीचे घाट, सगळे असेच बांधलेले होते. मुख्याने एवढेच विचारले, की अशा पाचरी अख्ख्या कड्याला मारता येतील का?

पाथरवटाने विचार केला आणि येतील म्हणून सांगितले. आपल्याला हे जमेल की नाही, एवढाच प्रश्न त्याच्या डोक्यात होता, आणि तो प्रश्न त्याला फार आवडला होता.

तिसऱ्या गावावरचा कडा एका सकाळी सुटला. धूळ खाली बसली तेव्हा तिथे गाव नव्हते. भांडण मिटले, कारण भांडायला पलीकडे कुणी उरलेच नव्हते. सावलीच्या गावात ढोल वाजले. पाथरवट मात्र घरी येऊन कोपऱ्यात बसला तो जेवायलाही उठला नाही. त्याच्या बायकोने, ठकूबाईने, त्याला बरेच विचारले. तो इतकेच म्हणाला, की कडा सुटण्याआधी वरून कुणीतरी हाळी द्यायला हवी होती.

आता सोबत लढलेले उन्हाचे गावही सावलीच्या गावाकडे निराळ्या नजरेने बघू लागले. आज त्यांच्यावर, उद्या आपल्यावर. त्यांच्याकडेही पाथरवट होता आणि त्यालाही लाकूड, दगड आणि पाणी ठाऊक होते. असली विद्या कुलूप लावून ठेवता येत नाही. दोन पावसाळे उलटायच्या आत सावलीच्या गावावरच्या कड्याला भोकांची ओळ पडली, तशी उन्हाच्या गावावरच्या कड्यालाही पडली. पूर्वजांनी जपून चालण्यासाठी दिलेल्या कुरणांचा असा उपयोग झाला. दोन्ही कडे तासून तासून इतके तोलावर आणले, की एक घागर पाणी पडले तरी घटकाभरात सगळे खाली यावे.

मग प्रत्येक कड्यावर एक राखणदार बसू लागला. त्याच्याजवळ भरलेली घागर. त्याने समोरच्या कड्यावरच्या राखणदाराकडे बघत राहायचे. समोरच्याने घागर कलती केली, की आपणही लगेच कलती करायची. विचार करत बसायचे नाही, कारण उशीर झाला तर खालची माणसे धावत वर येतील आणि आपल्या हातून घागर काढून घेतील. समोरच्याशी बोलायचे नाही, हात हलवायचा नाही. बोलण्यातून माणूस मऊ पडतो, असे पंचांचे मत होते. हाळीही बंद झाली. दोन्ही गावांत सोयरीक करायची नाही, असेही ठरले.

आता खरे ते सांगायला हवे. त्यानंतर दोन्ही गावांत एकदाही लाठी उचलली गेली नाही. जुनी माणसे म्हणत, बघा, पाचरींनीच आपल्याला शहाणे केले. आणि ते अगदीच खोटे नव्हते. भांडण तोंडाशी आले, की दोन्हीकडची माणसे आधी वर बघत आणि मग घरी जात.

पण त्या शहाणपणाची किंमतही कुणीतरी देतच होते. दोन्ही गावांचे भाऊबंद दूरच्या वाड्यांवर राहत. तिथे कडे नव्हते, म्हणून दोन्ही गावे आपले भांडण तिथे भांडत. लाठ्या इकडून जात आणि डोकी तिकडे फुटत. पावसाळा आला की सगळा गाव आपल्याच पाचरी कोरड्या ठेवायला धावे. त्यांवर मेण लावायचे, कातडे घालायचे, वर छप्पर घालायचे. ज्या गोष्टीचा उपयोग कधीच होऊ नये असे सगळ्यांना वाटे, तिची काळजी मात्र तान्ह्या लेकरासारखी घ्यायची. चांगले गवत तिकडे गेले आणि घरे गळत राहिली. नदीवरचा पूल अर्धाच राहिला, कारण सगळे पाथरवट कड्यावर होते. आणि आंबा कुणी लावेना. फळ धरायला इतकी वर्षे लागतात, तोवर कोण असेल आणि कोण नसेल, असे लोक सहज, भाकरी खाता खाता बोलत. दुसरीकडची गावेही हे बघत होती आणि त्यांतली काही आपापल्या कड्यांवर गुपचूप भोके पाडू लागली होती.

पाथरवट गेला तेव्हा त्याने ठकूबाईचा हात धरला होता. पाचरी काढता येणार नाहीत, असे तो तिला सांगून गेला. ओढून काढायला गेले तरी कडा हलेल. ठोकणे त्याला जमले होते, काढणे कुणालाच जमणार नव्हते.

ठकूबाईला दोन लेकरे होती. मुलगा सावलीच्या गावात, तिच्याच घरात, बायको आणि एका लहानग्यासह राहत होता. मुलगी मैना उन्हाच्या गावात दिलेली होती. सोयरिकीची बंदी आली त्याच्या अगदी आधी तिचे लग्न झाले होते. त्यानंतर मायलेकींची गाठ पडली नव्हती. नदी एवढीशी, पण राखणीला जाणारा सोडला तर ती ओलांडायला माणूस धजत नव्हता.

राखणीची पाळी घरोघर फिरे. ठकूबाईच्या घरावर पाळी आली तेव्हा मुलगा दूरच्या वाडीवर लाठ्या पोचवायला गेलेला होता. पंच जरा अडखळले. जिची लेक खाली राहते, तिच्या हाती घागर द्यावी का? पण ती पाळी दुसऱ्या कुणाला नकोच होती. ठकूबाई म्हणाली, मी बसते. पंचांनी मान डोलावली आणि विषय संपला.

अशी ठकूबाई, खालच्या गावाला वळसा घालणाऱ्या राखणदारांच्या आडवाटेने, उन्हाच्या गावावरच्या कड्यावर जाऊन बसू लागली. पहिल्या दिवशी ती फक्त समोर बघत होती, सांगितल्याप्रमाणे. समोरच्या कड्यावर, म्हणजे तिच्या स्वतःच्या गावाच्या डोक्यावर, एक म्हातारा घोंगडी पांघरून बसलेला असे. त्याच्याही पुढ्यात घागर. दिवसभर दोघे एकमेकांकडे बघत. नवराबायकोसुद्धा एकमेकांकडे इतके बघत नसतील.

पण माणसाची नजर एका जागी किती राहणार? ती खाली घसरू लागली. खाली उन्हाचे गाव अंगणासकट उघडे पडलेले. कुणाची चूल लवकर पेटते, कोणती म्हातारी काठी टेकत पाण्याला जाते, कोणते पोर मार खाऊन गोठ्यात लपते, सगळे ठकूबाईला कळू लागले. आणि एका अंगणात मैना दिसे. वरून ती बोटाएवढी दिसे, पण आईला चालण्यावरून लेक ओळखता येते. हल्ली मैना हळू चालत होती. वाकताना कमरेवर हात ठेवत होती. तिला दिवस गेले असावेत, असे ठकूबाईला वाटे, आणि विचारायला कुणी नाही म्हणून तिचा जीव तुटे.

मग थंडीचे दिवस आले. एका सकाळी दरीत धुके असे दाटले, की ठकूबाईला आपल्या पुढ्यातली घागरही जेमतेम दिसत होती. समोरचा कडा नाहीसा झाला होता. खाली कोंबडे आरवत होते, कुणीतरी लाकूड फोडत होते. ती कानात जीव आणून बसली.

आणि समोरून आवाज आला. मातीची घागर फुटल्याचा. त्यापाठोपाठ खडकावरून पाणी वाहिल्याचा.

ठकूबाईच्या तोंडचे पाणी पळाले. पंचांनी सांगितलेले सगळे तिला एका क्षणात आठवले. पाणी ओतल्याचा आवाज जरी आला, तरी ओतायचे. विचार करत बसायचे नाही. तिचे घर त्या समोरच्या कड्याखाली होते. घरात सून होती, नातू होता. नातू या वेळी दारात बसून दूध-भाकर खात असणार. तिने घागर उचलली. भोकांवरचे कातडे तिने पायाने बाजूला केले. पाचरी कोरड्या, पांढऱ्या दिसत होत्या. तिच्या नवऱ्याने आपल्या हाताने तासलेल्या होत्या त्या.

घागर जड होती. तिने ती कलती केली, पाणी काठापर्यंत आले, आणि तिथे तिचा हात थांबला.

मैनेमुळे थांबला म्हणावे, तर समोर नातू होता. एक जीव या कड्याखाली, एक त्या. ती कोणाला मोजणार? तिला दिसत होती ती कोपऱ्यात बसलेली, न जेवणारी नवऱ्याची आकृती. वरून कुणीतरी हाळी द्यायला हवी होती, असे तो म्हणाला होता. इतकी वर्षे ठकूबाईला वाटे, की ते वेड्यासारखे बोलणे आहे. आत्ता तिला कळले, की दुसरे काहीच करण्यासारखे नव्हते.

तिने घागर छातीशी धरली आणि धुक्यात तोंड करून ओरडली, "सांभाळाऽ!"

उत्तर आले नाही. खालचे लाकूड फोडणे थांबले. तिने पुन्हा, सगळा जीव एकवटून हाळी दिली.

तेव्हा समोरून एक घोगरा, दबलेला आवाज आला, जणू कुणी जमिनीत तोंड खुपसून बोलत होते. "सांभाळलंऽ! सांभाळलं गं बाई. ओतू नको. शेळीनं घागर पाडली माझी. मी भोकांवर पालथा पडलोय."

"पाणी आत गेलं का?"

"घोंगडीनं बरंचसं शोषलंय. थोडं गेलं असेल. कान लावून ऐकतोय."

"ऐक मग. मी घागर खाली ठेवते."

"खरंच ठेवलीस?"

"ठेवली," ठकूबाई म्हणाली, आणि मग तिने ती खरोखरच ठेवली, भोकांपासून चांगली दोन हात मागे.

दोघेही बसून राहिले. दगड तडकतो की काय, याची वाट बघत. अशा वेळी गप्प बसणे फार कठीण असते, म्हणून ती दोघे बोलू लागली. त्याचे नाव म्हादबा होते. गुडघे धरलेले होते. त्याच्या घराचीही पाळी होती आणि घरात चढण चढू शकणारा तो एकटाच उरला होता. शेळी त्याची नव्हती, उगाच मागे लागली होती. पाणी सांडले तेव्हा त्याला ओरडायचे होते, पण बोलायचे नाही हा नियम त्याच्या हाडीमाशी इतका भिनला होता, की तोंडून शब्दच फुटला नाही. त्याला वाटले होते, की आता समोरून पाण्याचा आवाज येणार आणि तिकडच्या कड्याखालचे आपले सगळे घर जाणार.

मग ठकूबाईने इतके दिवस मनात धरलेली गोष्ट विचारली. उन्हाच्या गावातली मैना त्याच्या ओळखीची आहे का?

म्हादबा हसला. ती तर त्याच्याच आळीत राहत होती. तिला सातवा लागला होता. लोणचे सगळ्यांच्या घरून मागून खात होती. आणि आई कशी असेल, म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होती, जणू येणाऱ्याजाणाऱ्याला ठाऊक असणार होते. ठकूबाई ऐकत होती आणि रडत होती. धुक्यामुळे ते कुणाला दिसत नव्हते हे बरेच झाले.

ऊन वर आले आणि धुके फाटले. समोरच्या कड्यावर म्हादबा हातपाय पसरून पालथा पडलेला होता, अंगाखाली भिजलेली घोंगडी होती आणि जवळ शेळी उभी राहून गवत खात होती. कडा जागच्या जागी होता.

तेवढ्यात खालून एक बाई ओरडली, "सांभाळलंऽ!" मैना अंगणात उभी होती. हाळी तिच्यापर्यंत उशिराच पोचली असेल, किंवा आईचा आवाज ऐकून तिला विश्वास बसायलाच वेळ लागला असेल. तिने वर बघून दोन्ही हात उंच केले. ठकूबाईनेही केले. हात हलवायला बंदी होती, पण आता बंदीचे राहिले काय होते?

संध्याकाळी पंच बसले. नियम मोडला म्हणून ठकूबाईला पुढे उभे केले. पंच म्हणाले, शेळी निघाली ते आपले नशीब. पण खरेच त्यांनी पाणी ओतले असते तर? सगळे गाव तिच्या तोंडाकडे बघत होते.

ठकूबाई म्हणाली, "खरंच ओतलं असतं, तर आपलं गाव गेलंच असतं. मी माझं ओतून ते परत आणलं असतं का?"

सुनेने कडेवरच्या पोराला घट्ट धरले. मुख्याने शेवटी घसा खाकरून एवढेच सांगितले, की पुढची पाळी दुसऱ्या घराची. ती शिक्षा होती की सुटका, ते त्यालाही ठरवता आले नसावे.

पण पुढच्या पाळीचा माणूस दुसऱ्या दिवशी कड्यावर जायच्या आधी ठकूबाईच्या दारात आला आणि त्याने विचारले, ती हाळी नेमकी कशी द्यायची? तो लहान असतानाच ती बंद पडली होती. ठकूबाईने त्याला शिकवली, शेवटचा स्वर किती लांबवायचा तेही सांगितले. तिकडे म्हादबानेही आपल्या गावात शिकवली. पंचांनी परवानगी दिली नाही आणि मनाईही केली नाही. रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी दोन्ही कड्यांवरून हाळी जाऊ लागली. धुके असले, वारा असला, कसलाही आवाज झाला, तरी आधी हाळी, घागरीला हात नंतर. पुढे राखणदार घागर भोकांपासून लांब, दगडाला टेकवून ठेवू लागले. आणखी पुढे एका वर्षी दोन्ही गावांनी मिळून पुलाचा राहिलेला अर्धा भाग बांधला, आणि मैना लेकराला घेऊन माहेरी आली. ठकूबाईने त्या दिवशी परड्यात आंब्याची कोय पुरली.

पाचरी मात्र अजून तिथेच आहेत. नवऱ्याने सांगितले तेच खरे ठरले, त्या कुणाला काढता आल्या नाहीत. आणि ही दरी कुठे आहे, असे विचाराल तर ती फार लांब नाही. माणसाने ज्या दिवशी अणूच्या पोटात पाचर मारली, त्या दिवसापासून आपली सगळ्यांची घरे कुणाच्या ना कुणाच्या कड्याखाली आली आहेत, आणि वर कुणीतरी भरली घागर घेऊन बसलेले आहे. त्याने आज घागर कलती केली नाही, म्हणून आपण आज सकाळी उठलो, चहा प्यालो आणि कामाला लागलो.

ज्या हत्याराने दोघेही मरतात, त्याच्यापासून हत्याराचा धाक फार काळ वाचवत नाही. वाचवतो तो आधी हाक मारणारा आणि उत्तराची वाट बघणारा माणूस.